मला ताप नाही, मग माझ्यामुळे ताप कसा?

पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरातून, पन्नाशीला टेकलेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या गेली १२ वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी घरगुती खानावळ चालवतात. सध्या ३५ मेंबर घरी येऊन जेवतात आणि २० डबे बाहेर जातात. गेल्या तीन पावसाळ्यांत त्यांच्याकडे जेवणाऱ्या पाच मुलांना आणि घरातल्या एका पुतण्याला टायफॉईड झाला. पुतण्याच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांच्या शौचाचे कल्चर करायला लावले, तेव्हा जंतू सापडले ते फक्त या बाईंच्या नमुन्यात. त्यांना स्वतःला १९ वर्षांपूर्वी, धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर, मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईडच, येऊन गेला होता. त्यानंतर तापाचे नाव नाही. दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले होते, पण त्रास होत नसल्याने ते तसेच राहिले. त्या विचारतात : अंगात ताप नसताना अहवाल खरा कसा मानायचा? गेल्या वर्षी आमच्या मदतनीस बाईंनाही टायफॉईड झाला, त्या महिन्याभराने कामावर परतल्या आणि त्यांच्यामुळे कोणालाच काही झाले नाही, मग माझ्याच वाट्याला हे का? यजमान म्हणतात की वाच्यता करू नकोस, धंदा बसेल. जाऊबाईंनी तर ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून टाकले. खानावळ बंद करावी की गप्प राहावे? आणि शेवटची ओळ : दिवाळीत मुलगी चौदा महिन्यांच्या नातवाला घेऊन येते आहे, त्याला मी माझ्या हाताने वरणभात भरवू की नको?

ताई,

तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्या बुडाशी एकच समजूत आहे. रोग पसरवतो तो रोगी असतो, आणि जो इतरांपेक्षा जास्त पसरवतो तो एकतर जास्त आजारी असला पाहिजे किंवा जास्त अस्वच्छ, अशी ती समजूत. तुम्ही आजारी नाही आणि तुमचे स्वयंपाकघर लख्ख असते हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे, त्यामुळे अहवाल तुम्हाला आरोपासारखा वाटतो. ही समजूत तुमची एकटीची नाही. विसावे शतक उजाडेपर्यंत डॉक्टरही जवळजवळ असेच धरून चालत. ती बाजूला ठेवल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय तुम्हाला नीट घेता येणार नाही, म्हणून उपायांच्या आधी थोडे लांबून सांगते.

आधी अहवाल. शौचाच्या कल्चरमध्ये जंतू प्रत्यक्ष वाढवून पाहतात, त्यामुळे त्यात साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉईडचा जंतू, सापडला तर तो निष्कर्ष सहसा खोटा नसतो. उलट न सापडण्याला मात्र फारसे वजन नाही, कारण जंतू रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. काही दिवस पडतात, काही दिवस नाही. म्हणून तुमची तपासणी खात्रीसाठी पुन्हा एकदा होईल, तशीच ती घरातल्या इतरांची आणि मदतनीस बाईंचीही व्हायला हवी. एका नमुन्यावरून बाकीचे सगळे सुटले असे कोणी समजू नये.

आता ताप नसतानाही जंतू कसे, ते पाहू. टायफॉईडचा जंतू आतड्यातून रक्तात जातो, तिथून यकृतात आणि पित्तावाटे पित्ताशयात उतरतो. पित्तात बरेचसे जंतू तग धरत नाहीत, हा धरतो. पित्ताशयात खडे असतील तर त्यांच्यावर हे जंतू एक चिकट थर तयार करतात आणि त्या थराआड ना शरीराच्या संरक्षक पेशी नीट पोहोचतात ना औषध. तुम्ही जेवलात की पित्ताशय आकुंचन पावते, पित्त आतड्यात येते आणि त्याच्याबरोबर जंतूही येतात. ज्यांना टायफॉईड होतो त्यांपैकी सुमारे १ ते ४ टक्के लोकांच्या शरीरात हे वर्षाहून अधिक काळ चालू राहते, आणि अशा लोकांना कायमचे रोगवाहक म्हणतात. त्यांत स्त्रिया आणि वयस्क माणसे जास्त असतात, कारण पित्ताचे खडेही त्यांच्यातच जास्त आढळतात. ताप म्हणजे शरीराने जंतूशी मांडलेला झगडा असतो. तुमच्या शरीराने १९ वर्षांपूर्वी तो झगडा आटोपता घेऊन जंतूशी तह केला. तुम्हाला त्रास द्यायचा नाही आणि जंतूने एका कोपऱ्यात राहायचे, असा तो तह. त्यात तुमच्याकडे जेवणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते, एवढीच अडचण.

हा तह उंदरांच्या अभ्यासात फार स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेनिस मोनॅक यांच्या प्रयोगशाळेत टायफॉईडच्या जंतूच्याच भावकीतल्या एका जंतूची लागण उंदरांना केली गेली. एकाच वंशाचे, एकाच खाद्यावर वाढलेले उंदीर असूनही त्यांतले थोडेच विष्ठेतून प्रचंड प्रमाणात जंतू टाकत होते आणि शेजारच्या उंदरांना लागण होत होती ती मुख्यतः त्यांच्यापासून. तरीही हे उंदीर हिंडतफिरत, खातपीत होते. आणखी एक गोष्ट अशी की कमी जंतू टाकणाऱ्या उंदरांना प्रतिजैविक दिल्यावर त्यांच्या आतड्यातले नेहमीचे, उपयोगी जंतू मेले, रान मोकळे झाले आणि तेही भरमसाट जंतू टाकू लागले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण अहवाल हातात पडल्यावर औषधाच्या दुकानातून पाच दिवसांचा कोर्स आणून गुपचूप घ्यावा असा विचार तुमच्या किंवा यजमानांच्या मनात आला असेल, तर तो सोडून द्या, हे सांगायला मला हे उंदीर पुरेसे वाटतात.

तुमच्या मदतनीस बाईंचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. एकच स्वयंपाकघर, एकच आजार, बायका दोघी, आणि पसरण्याच्या बाबतीत एवढा फरक. त्यांच्या बाबतीत बहुधा असे झाले असेल की औषध वेळेवर मिळाले, पित्ताशयात खडे नसल्याने जंतूंना बिऱ्हाड करायला जागा मिळाली नाही आणि काही आठवड्यांत ते शरीरातून गेले. शिवाय ज्या दिवसांत त्या जंतू टाकत होत्या त्या दिवसांत त्या अंथरुणावर होत्या. तापाने फणफणलेली बाई कोणाला वाढायला येत नाही. तुम्ही मात्र ठणठणीत असल्याने १२ वर्षांत एक दिवस ओटा सोडला नाही. आणि तिसरा फरक कामाचा. त्या भाजी चिरतात, जी नंतर शिजते, आणि भांडी घासतात. कोशिंबीर कालवणारा, चटणी वाढणारा आणि पोळीची घडी घालणारा हात तुमचा आहे.

शरीरात जंतू किती आणि किती काळ, बाहेर पडायची वाट कोणती, आणि ते माणूस कोणाच्या ताटाजवळ किंवा श्वासाजवळ उभे आहे, हे सगळे एका व्यक्तीत जुळून आले की ती व्यक्ती इतरांपेक्षा कितीतरी जास्त पसरवते. बहुतेकांच्या बाबतीत यातले काहीतरी जुळत नाही आणि साखळी तिथेच तुटते. २००३ मध्ये सिंगापूरमध्ये सार्स या श्वसनरोगाची साथ आली तेव्हा पहिल्या २०१ रुग्णांपैकी १०३ जणांना लागण झाली होती ती अवघ्या पाच जणांकडून, आणि एकूण रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के जणांनी पुढे कोणालाच रोग दिल्याचे आढळले नाही. क्षयाचेही तसेच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरुग्णांच्या खोल्यांमधली हवा नळ्यांनी वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांकडे सोडली गेली. रुग्ण अनेक होते, पण बहुतेक गिनीपिगांना झालेली लागण मोजक्या काही रुग्णांपर्यंतच जाऊन पोहोचली. त्यामुळे ‘माझ्याच वाट्याला का’ याचे उत्तर कर्मात शोधू नका, आणि पायाच्या रंगात तर नकोच. जाऊबाईंना माझ्या वतीने एवढेच सांगा की जंतू पायात नसतात, आणि पुढच्या तपासणीसाठी त्यांचाही नमुना लागणार आहे.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्नही इथे घेते, कारण तो तुम्हाला रात्री छळत असणार. जर जंतू माझ्या हातून जात होते, तर तीन वर्षांत दीडदोनशे मुले जेवून गेली, त्यांतली पाचच का आजारी पडली? अमेरिकेतील मेरीलँडमध्ये १९६० च्या दशकात तुरुंगातल्या कैद्यांना, स्वयंसेवक म्हणून, मोजून टायफॉईडचे जंतू पाजले गेले. (असा प्रयोग आज कोणतीही समिती मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे.) हजार जंतू दिलेल्यांपैकी कोणालाच ताप आला नाही, एक लाख दिलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त लोकांना आला, एक कोटीला निम्म्यांना, आणि शंभर कोटीला जवळजवळ सगळ्यांना. म्हणजे पोटात किती जंतू गेले यावर बरेच अवलंबून असते, आणि खाणाऱ्याच्या जठरात आम्ल किती, त्याला पूर्वी लागण किंवा लस मिळाली आहे का, यावरही. एखाद्या मुलाने त्या दिवशी ॲसिडिटीची गोळी घेतलेली असली तरी फरक पडतो. त्यातच आजार उघड व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे तोपर्यंत कोणत्या जेवणातून काय गेले हे कोणाच्याही लक्षात राहत नाही.

आणि ती पाचही मुले तुमच्यामुळेच आजारी पडली, हे तरी ठरले आहे का? तुम्ही लिहिता की त्यांतल्या तिघांची ‘विडाल पॉझिटिव्ह’ होती. विडाल म्हणजे रक्तात टायफॉईडविरोधी प्रतिद्रव्ये आहेत का हे पाहणारी तपासणी. आपल्याकडे प्रत्येक तापाला विडाल करण्याची पद्धत आहे, पण ही तपासणी जुन्या लागणीमुळे किंवा दुसऱ्याच एखाद्या आजारातही सकारात्मक येऊ शकते. खात्रीची तपासणी रक्ताच्या कल्चरची, आणि ती प्रतिजैविक सुरू करण्याआधी व्हावी लागते. शिवाय ही मुले पावसाळ्यात बाहेरची पाणीपुरी खातात, वसतिगृहाच्या टाकीचे पाणी पितात. तुमचे जंतू आणि त्यांचे जंतू जनुकीय पातळीवर जुळवून पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे बोट दाखवू शकत नाही. हे मी तुमचे मन राखण्यासाठी सांगत नाही. मागचे सिद्ध होवो न होवो, पुढचे कर्तव्य बदलत नाही : आज तुमच्या शरीरात जंतू आहेत आणि तुमच्या हातचे पंचावन्न लोक जेवतात, एवढी माहिती काम थांबवण्यासाठी पुरेशी आहे. मात्र आजवर तुम्हाला हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीचा दोष स्वतःच्या माथी मारून घेण्याचे कारण नाही. अहवाल आल्याच्या दिवसापासून मात्र हिशेब वेगळा सुरू झाला, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे.

यजमानांना एक हकिकत वाचून दाखवा. मेरी मॅलन नावाची आयरिश बाई न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाकीण होती. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे इथल्या एका भाड्याच्या घरात ११ पैकी सहा जणांना टायफॉईड झाला. घरमालकाला पुढे भाडेकरू मिळेनात, म्हणून जॉर्ज सोपर नावाच्या स्वच्छता अभियंत्याला बोलावले गेले. त्याने आधी पाणी पाहिले, मग गटारे, मग शिंपल्यांपर्यंत सगळे तपासले, आणि शेवटी तो मध्येच काम सोडून गेलेल्या स्वयंपाकिणीपाशी आला. तिने काम केलेल्या घराघरांत टायफॉईड तिच्या मागोमाग गेला होता. गरमागरम शिजवलेल्या अन्नातून तो जाणे कठीण. सोपरचा संशय होता तो ताज्या पीच फळांच्या फोडी घालून ती करत असलेल्या आइस्क्रीमवर. मेरी धडधाकट होती. तुमच्यासारखेच तिचेही म्हणणे होते की मला कधी काही झालेच नाही. १९०७ मध्ये तिला बळजबरीने नेऊन नॉर्थ ब्रदर बेटावर ठेवले, १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडले आणि धुण्याचे काम दिले, ज्यात मिळकत कमी होती. काही काळाने तिने नाव बदलून पुन्हा पळी हातात घेतली. १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात २५ जणांना टायफॉईड झाला, दोघे दगावले, आणि स्वयंपाकघरात सापडलेली ‘मिसेस ब्राउन’ मेरीच निघाली. तिथून पुढे १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली.

लोक ही गोष्ट सांगतात ती ‘हट्टी बाई’ची गोष्ट म्हणून. मला ती तशी वाटत नाही. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये तिच्यासारखे शेकडो रोगवाहक नोंदवले गेले होते आणि त्यांतले बहुतेक मोकळे हिंडत होते. तिला कोणी समजेल अशा भाषेत काय घडते आहे ते सांगितले नाही, आणि स्वयंपाकाइतके पैसे देणारे दुसरे काम मिळवून दिले नाही. गुप्तता, अपमान आणि बुडालेली मिळकत या तिन्हींनी मिळून तिला पुन्हा चुलीपाशी ढकलले. तिच्याकडे नसलेल्या दोन गोष्टी तुमच्याकडे आहेत : आजचे उपचार, आणि खानावळ स्वतःच्या मालकीची असणे. म्हणूनच ‘बंद करावी की गप्प राहावे’ हा तुमचा प्रश्न मला अपुरा वाटतो. बंद केलीत तर काही महिन्यांत पैशाची ओढाताण होऊन लपूनछपून चार डबे सुरू होतील, आणि गप्प राहिलात तर तेच आजपासून. खानावळ चालू राहू शकते. तुमचा हात मात्र अन्नातून बाहेर आला पाहिजे.

म्हणजे नेमके काय, ते तुमच्याच ओट्यावर उभे राहून पाहू. पोळी तव्यावर असताना तिच्यावर जंतू टिकत नाही. पण तव्यावरून उतरली की तुम्ही ती दोन्ही तळव्यांत धरून टाळी वाजवल्यासारखी झाडता, पदर सुटावेत म्हणून. मग बोटांनी तूप फिरवता, चौघडी घालता आणि डब्याच्या तळाशी सरकवता. (मीही तशाच करते, म्हणून इतक्या खात्रीने सांगते.) तव्यानंतरचा हा अर्ध्या मिनिटाचा हात सगळ्यात महत्त्वाचा. काकडीची कोशिंबीर हाताने कालवली जाते आणि वरची फोडणी तिला शिजवत नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी, चिरलेला कांदा-लिंबू, ताक, शिकरण, दहीभात या सगळ्यांत तुमच्या हाताचा शेवटचा स्पर्श आणि मुलाचा पहिला घास यांच्यामध्ये आच नसते. उकळती आमटी तेवढी निर्धोक असते, पण तीसुद्धा निवल्यावर बोट बुडवून चव पाहिली नाही तर. साबणाने हात धुतल्याने धोका पुष्कळ कमी होतो, आणि संडासातून आल्यावर, नखांखाली, अंगठी आणि बांगड्या वर सरकवून तुम्ही ते करालच. पण ज्याच्या शरीरात जंतू आहेत अशा व्यक्तीने हात धुण्याच्या भरवशावर पन्नास जणांचे अन्न हाताळू नये. तुमचे अहवाल कोरे, म्हणजे जंतू नसलेले, येईपर्यंत ओट्यापाशी, वाढपात आणि डबे भरण्यात तुम्ही नसावे. बाजार, हिशेब, आज काय करायचे ते ठरवणे, मुलांची चौकशी, पाण्याच्या टाकीची सफाई, ही कामे तुम्ही बिनधास्त करा. मदतनीस बाईंचे दोनदा कल्चर कोरे आले तर त्यांना पगार वाढवून मुख्य स्वयंपाकावर घ्या आणि पोळ्यांना आणखी एक बाई पाहा. दोघींनाही लस द्या. काही महिने नफा घटेल. शक्य असेल तर यंदा डबे कमी करा, माणसे जास्त ठेवू नका.

उपचारांविषयी. टायफॉईडच्या वाहकाला साधारण चार आठवड्यांचे प्रतिजैविक देतात, पण कोणते, हे तुमच्या जंतूच्या संवेदनशीलतेच्या तपासणीवरून ठरवावे लागते, कारण पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या सिप्रोफ्लोक्सासिनच्या गटाला आपल्याकडचे जंतू फार मोठ्या प्रमाणावर दाद देईनासे झाले आहेत. खडे तसेच राहिले तर नुसत्या औषधाचा पाडाव होण्याची शक्यता मोठी, म्हणून अशा रुग्णांत औषधाच्या जोडीने दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा विचार करतात. त्यानेही शंभर टक्के खात्री मिळत नाही, कारण जंतू यकृतातल्या पित्तनलिकांतही असू शकतात. पण शक्यता पुष्कळ सुधारते. दुसरेही एक कारण आहे, आणि ते घाबरवण्यासाठी नाही : वर्षानुवर्षे पित्ताशयात हे जंतू बाळगणाऱ्यांत पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणजे ही शस्त्रक्रिया फक्त मेंबरांसाठी नसून तुमच्यासाठीही आहे. संसर्गरोग जाणणाऱ्या फिजिशियनला आणि सर्जनला सोनोग्राफी व कल्चरचे कागद एकत्र दाखवा. उपचार संपल्यावर काही आठवड्यांच्या अंतराने लागोपाठ तीन तरी नमुने कोरे आले पाहिजेत. एका कोऱ्या अहवालावर पोळपाट हाती घेऊ नका.

सांगायचे कोणाला? सगळ्या गल्लीला नाही. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि टायफॉईडच्या गटातील आजारांवर लस घ्यावी लागते; तेव्हा तुमची ही माहिती डॉक्टरांपासून आणि, त्यांच्यामार्फत, महापालिकेच्या आरोग्य विभागापासून लपवण्यासारखी नाही. मेंबरांना सांगणे अवघड आहे, पण ते टाळू नये, कारण येत्या महिन्याभरात कोणाला ताप आला तर त्याच्या डॉक्टरला हे कळणे मुलाच्या हिताचे आहे. माझ्या शब्दांत नाही, तुमच्या शब्दांत सांगा, पण साधारण असे : “आमच्या घरात टायफॉईडची लागण सापडली आहे. मी उपचार घेते आहे आणि तोवर स्वयंपाक व वाढप माझ्याकडे नाही. पुढच्या महिन्याभरात तीन दिवसांहून जास्त ताप राहिला तर औषध सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर करून घ्या, आणि लस घेतली नसेल तर घ्या.” काही मुले सोडून जातील. त्यांच्या आईवडिलांना दोष देऊ नका. पण तीन पावसाळ्यांत पाच ताप मुलांच्या लक्षात आले नसतील असे यजमानांना वाटत असेल तर ते चुकतात. वसतिगृहात असल्या गोष्टींची कुजबुज केव्हाच सुरू झालेली असते, आणि तिथे तुमची बाजू मांडणारे कोणी नसते.

हे वाचून ज्या आचाऱ्यांना, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बायकांना, आश्रमशाळेत किंवा अंगणवाडीत स्वयंपाक करणाऱ्यांना धडकी भरली असेल त्यांच्यासाठी : टायफॉईड होऊन गेलेला प्रत्येक जण वाहक नसतो, शंभरातले मोजकेच असतात, त्यामुळे सरसकट सगळ्यांनी धावत जाऊन तपासणी करावी असे नाही. पण पूर्वी मुदतीचा ताप येऊन गेला असेल, पित्तात खडे असतील आणि रोज अनेकांना जेवू घालत असाल, किंवा तुमच्या हातचे जेवणाऱ्यांत वारंवार टायफॉईड निघत असेल, तर डॉक्टरांशी हा विषय स्वतःहून काढा, आणि विडालवर समाधान मानू नका. वाहक ओळखण्यासाठी ती तपासणी उपयोगाची नाही.

आता नातू. तुम्ही त्याला कडेवर घ्या, कुशीत झोपवा, मुके घ्या, अंघोळ घाला. टायफॉईडचा जंतू श्वासाने, कपड्याने किंवा अंगाला अंग लागल्याने जात नाही. तो जातो तो तोंडावाटे पोटात, त्यामुळे त्याचे अन्न तेवढे तूर्त दुसऱ्या हाताने होऊ द्या. वरणभात मुलीने शिजवावा आणि तिनेच मऊ कुस्करावा. दिवाळीपर्यंत तुमचे नमुने कोरे आले नसतील, आणि बहुधा इतक्या लवकर ते येणार नाहीत, तर तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसा आणि घास मुलीला भरवू द्या. चिऊचा घास, काऊचा घास म्हणायला हात लागत नाही. आणि मुलीला आजच फोन करून विचारा की बाळाला टायफॉईडची संयुग्मित (कॉन्ज्युगेट) लस मिळाली आहे का. ही लस हैदराबादेत तयार झाली, आणि नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिन्यांपासून १४ वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली होती, म्हणजे चौदा महिन्यांचे बाळ तिच्यासाठी लहान नाही. लस लागू व्हायला काही आठवडे लागतात, तेव्हा ती टोचून मगच गाडीत बसायचे असेल तर बालरोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्यायला सांगा.